पंडुम अलीकडे घेणेबाबत

निकेश मोहुर्लेला हिंमत यावी म्हणून कंपनीनं त्याला दोन दिवस चंद्रपूरच्या एका एसी हॉटेलात ठेवलं. हिंमत गारव्यात लवकर येते, असा मोठ्या लोकांचा समज आहे. शिकवायला पुण्याकडचे एक गृहस्थ आले होते. त्यांनी पन्नास मॅनेजरांना डोळे मिटायला लावले, छातीवर हात ठेवायला लावला आणि ‘कठीण गोष्ट टाळायची नाही, समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलायची’ हे सोळा वेळा म्हणवून घेतलं. निकेशनं ते वहीत उतरवलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

परतताना चंद्रपूरच्या स्टँडवर त्यानं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली. आत जाऊन पाहतो तर एक धिप्पाड इसम रुमालावरच बसलेला. निकेशनं त्याच्या डोळ्यात बघितलं. त्या इसमानंही बघितलं. मग निकेश आष्टीपर्यंत उभा राहिला. निदान रुमाल तरी मागावा, हा विचार त्यानं आलापल्लीपर्यंत पुढं ढकलला, आणि आलापल्लीला तो इसम त्याच रुमालानं तोंड पुसत उतरून गेला.

निकेश मूळचा कोरपन्याचा. दिवाळीनंतर बदली होऊन अहेरीला आला आणि बापूजी नावाच्या रिटायर्ड कारकुनाच्या घरात वरच्या मजल्यावर बायकोसोबत राहू लागला. तिथून अठरा किलोमीटरवरच्या वेलमपाडीत त्याच्या कंपनीचं केंद्र होतं. हिवाळ्यात चिंच फोडायची, उन्हाळ्यात कैरीचा आमचूर करायचा. गावातल्या एकतीस बाया तिथं कामाला होत्या आणि निकेश त्यांचा मॅनेजर. आंब्याचा हंगाम त्यानं इथं अजून पाहिला नव्हता.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी, मीटिंगमध्ये, सुकरीबाईनं त्याला सांगितलं होतं. सुकरी त्या बायांमधली जुनी, गोंडी आणि मराठी दोन्ही बोलणारी. ती म्हणाली होती की गावचा मारका पंडुम झाल्याशिवाय आंब्याला हात लागणार नाही. मारका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे नव्या फळाची पूजा. गायता, म्हणजे गावाच्या देवाधर्माचं पाहणारा माणूस, दिवस धरतो. सगळी घरं जमतात, नवा आंबा आधी देवाला जातो, मग माणसाला. तोवर कैरी कोणी तोडत नाही, चिरत नाही, खात नाही. यंदा पंडुम एकोणीस एप्रिलला होता. निकेश तेव्हा हजेरीचा कागद भरत होता. तो ‘हाव, हाव’ म्हणाला. न ऐकणाऱ्या माणसाचा हाव फार गोड असतो.

दुसऱ्याच दिवशी नागपूरहून खेडीकर साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. माल घेणाऱ्या मोठ्या मॅडम दहा एप्रिलला वेलमपाडीत येणार, काम डोळ्यांनी पाहणार, पहिला लॉट सोबत नेणार. पसंत पडलं तर तीन वर्षं काम पक्कं. नाहीतर मशिनी उचलून केंद्र दुसऱ्या तालुक्यात. साहेबांनी विचारलं, “मोहुर्ले, दहाला माल तयार राहील ना?”

आता एवढ्या वेळेला निकेशला सुकरीचं बोलणं लख्ख आठवलं. एकोणीस तारीख आठवली, एकतीस बाया आठवल्या, वहीतल्या दोन रेघासुद्धा आठवल्या. आणि तो म्हणाला, “हो सर.”

आपल्या देशात हिंमत पाण्यासारखी आहे. ती उतारानं वाहते. साहेब मॅनेजरवर हिंमत करतो, मॅनेजर मजुरावर, आणि मजूर घरी जाऊन कोणावर करत असेल ते आपण विचारत नाही. वर चढवायची तर मोटर लागते, आणि ती मोटर हॉटेलात भाड्यानं मिळत नाही.

घरी आल्यावर त्यानं दीपालीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “मंग साहेबाले फोन करून सांग ना, पंधरा दिवस लेट होते म्हणून. एका फोनाले किती टाइम लागते?”

निकेश म्हणाला की ते इतकं सोपं नसतं, मॅनेजमेंटमध्ये आधी पर्याय शोधायचे असतात. दीपालीनं भाकरी उलटली. आणि निकेशनं पर्याय शोधला. एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी त्यानं एका अख्ख्या गावाचा सण पंधरा दिवस अलीकडे सरकवायचा बेत केला.

बापूजींना हा बेत मनापासून आवडला. चौतीस वर्षं टेबलावर घालवलेला माणूस. कागद निघणार म्हटलं की त्यांचे सांधे दुखायचे थांबत. साहेबाले नाई म्हणायचं नसते, त्यांनी बजावलं, साहेबाच्या ‘हो’ले खालून आधार द्यायचा असते. अर्ज त्यांनी स्वतः सांगितला आणि निकेशनं लिहिला. विषय: मौजा वेलमपाडी येथील पंडुम अलीकडे घेणेबाबत. संदर्भ: दूरध्वनीवरील चर्चा. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की. खाली तीन प्रती. महोदय कोण, हा प्रश्न निकेशनं काढला तेव्हा बापूजी म्हणाले, “ते पोचल्यावर ठरते.”

पंचायतीच्या ऑफिसात अर्ज पोचला, पण महोदय काही ठरले नाहीत. तिथल्या बाबूनं आवक नंबर टाकला, शिक्का मारला आणि मग वाचला. वाचून तो बराच वेळ पंख्याकडं बघत बसला. सण हा विषय त्याच्याकडं येत नव्हता. पाणीपट्टी येत होती, दाखले येत होते, मोकाट जनावरं येत होती. पण शिक्का बसला होता, आणि शिक्का बसलेला कागद मारता येत नाही. त्यानं समासात लिहिलं, ‘सदर सणाचे मूळ वेळापत्रक व त्यात बदल करण्याचे अधिकार कोणास आहेत याचा आधार जोडून फेरसादर करावे.’ निकेशला वाटलं, चला, निदान नकार तर नाही. खुर्चीवरच्या माणसाला खुर्चीवरचा माणूस असाच धीर देतो.

आधार कोणाचा, तर गायत्याचा. गायता होता झाडू, साठीच्या पुढचा, अंगणात बसून बांबूच्या कमच्या सोलत होता. सुकरीनं त्याला अर्ज वाचून दाखवला. झाडूनं तो उलटासुलटा करून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि शांतपणे सांगितलं की गावातली दोन घरं मिरची तोडायला तेलंगणात गेली आहेत. ती सतरा तारखेला येतील. त्यांना सोडून पंडुम कसा करायचा? त्यांच्या वाटणीचा आंबा देवाला कोण दाखवणार?

निकेशनं दोन घरांचा प्रश्न असेल तर बहुमताचं काहीतरी सुचवलं. त्याच्या स्वतःच्या सोमवारच्या मीटिंगला एकतीसपैकी एकोणीस बाया आल्या की तो पूर्ण हजेरी समजत असे. सुकरीनं ते भाषांतर करायचा प्रयत्न केला नाही. ती नुसती म्हणाली, “भाऊ, सन हाय. मतदान नाई.”

मग मात्र निकेशमधली हिंमत जागी झाली. कुठल्या दिशेनं, ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या बायांना शेडमध्ये बसवलं, वही उघडली आणि कठीण संवाद सुरू केला. जबाबदारी कशी घ्यावी, बदलाला कसं सामोरं जावं, टीम म्हणजे एक कुटुंब कसं. प्रत्येकीच्या डोळ्यात तो तीन-तीन सेकंद बघत होता, तसं शिकवलंच होतं. करिश्मा नावाची एक नवी लग्न झालेली पोरगी तर घाबरून पदर तोंडाशी धरून बसली. शेवटी त्यानं विचारलं की कोणाला काही बोलायचं आहे का. मॅनेजर हे विचारतो तेव्हा कोणी बोलू नये अशी जुनी रीत आहे.

सुकरी बोलली. “तुमी साहेबाले सांगतलं काय, पंडुम नाई झाला म्हनून?”

“नाही.”

“काऊन?”

वहीत ह्याचं उत्तर नव्हतं. निकेशनं दोन पानं उलटली, पाणी प्यायला, आणि मोटर तपासायची आहे म्हणून उठून गेला. मोटर चांगली चालू होती. तो तिच्यापाशी अर्धा तास उभा राहिला.

त्यानंतर त्याला जे सुचलं ते नुसत्या भित्र्या माणसाला सुचत नाही, भित्र्या आणि शिकलेल्या माणसालाच सुचतं. वेलमपाडीचा आंबा चालत नाही ना, मग बाहेरचा आणू. अहेरीच्या बाजारात नदीपलीकडून कैरी आली होती. त्यानं दोन क्विंटल उचलली, पिकअपमध्ये भरली आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून निघाला. हा आंबा ह्या गावाच्या देवाच्या हद्दीतला नाही, असं तो मनातल्या मनात गायत्याला पटवून देत होता. गायत्याला ते मनातल्या मनात पटत होतं. मनातली माणसं फार समजूतदार असतात.

गावात शिरताना रस्ता एकदम खाली उतरतो. तिथं पिकअपचा मागचा फाळका उघडला आणि दोन क्विंटल कैरी उतारानं गावात शिरली. कोणाच्या दारात, कोणाच्या न्हाणीत, विहिरीच्या कठड्याला धडकून परत रस्त्यावर. लोक बाहेर आले. कोणी एकही कैरी उचलली नाही. लहान पोरांनीसुद्धा हात पाठीमागं बांधले. सगळं गाव आपापल्या उंबऱ्यावर उभं राहून घरंगळणाऱ्या आंब्यांकडं बघत होतं, आणि त्या शांततेत एक बकरी पुढं आली, एक कैरी हुंगली आणि कचकच खाऊन टाकली.

बकरी गायत्याची होती.

झाडूनं बकरीकडं बघितलं, मग निकेशकडं बघितलं, आणि आत निघून गेला. नव्या आंब्याला हात लावता येत नाही, त्यामुळं मदत करायला कोणी येऊ शकत नव्हतं. ड्रायव्हरही जवळच्याच गावचा निघाला. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. एम.बी.ए. झालेल्या, हिंमतीचं सर्टिफिकेट असलेल्या निकेश मोहुर्लेनं भर उन्हात, बारा ते चार, दोन क्विंटल कैरी एकेक करून वेचली. न्हाणीत गेलेली कैरी मागताना त्याला ‘बाई, जरा आत येऊ का’ असं सात घरी विचारावं लागलं.

निघताना सुकरीनं निरोप दिला. बुधवारी सकाळी ह्याच्या निवाड्याला गाव बसणार होतं. त्यालाही यायचं होतं.

कैऱ्या अहेरीला परत आल्या. आपणच चिरू आणि वाळवू, असं म्हणत निकेश गच्चीवर विळी घेऊन बसला. बापूजींनी चादरी दिल्या आणि उन्हाची दिशा दाखवायला खुर्ची टाकून बसले. दोनशे किलोंपैकी नऊ किलो चिरून झाली तेव्हा निकेशचा अंगठा कापला. तो पट्टी बांधायला खाली गेला आणि वर आला तेव्हा गच्चीवर बावीस वांदरं जेवत होती. बापूजी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. बावीस हा आकडा त्यांचाच; हाकलता येत नाही म्हणून मोजून ठेवली, म्हणाले.

दीपालीनं अंगठ्याची पट्टी घट्ट केली. “एका फोनाचं काम होतं,” ती म्हणाली, आणि पुढं काही बोलली नाही. बायको पुढं बोलत नाही तेव्हा माणसाला सगळं नीट ऐकू येतं.

बुधवारी गाव मोहाच्या झाडाखाली बसलं. म्हातारे, बाया, पोरं, सगळे. खुर्ची एकही नव्हती, त्यामुळं कोण कोणाचा साहेब ते लक्षात येत नव्हतं. प्रत्येक जण बोलत होता आणि बाकीचे त्याचं पूर्ण होईपर्यंत थांबत होते. मध्ये कोणी तोडत नव्हतं. निकेशला हे फार विचित्र वाटलं. दोन तासांनी त्याची पाळी आली. चूक ज्याची, त्यानं ती आपल्या तोंडानं सांगायची, अशी रीत होती.

तो उभा राहिला आणि वीस मिनिटं बोलला. बाजारपेठेची परिस्थिती, वेळेचं नियोजन, दोन पातळ्यांवरच्या अपेक्षा, संवादातली दरी. मग तो थांबला आणि सुकरीकडं बघितलं. सुकरीनं गोंडीत एक लहानसं वाक्य सांगितलं आणि खाली बसली. सगळ्यांनी समजून मान हलवली. एक म्हातारी तर हळहळली.

“एवढंच?” निकेशनं हळूच विचारलं. “काय सांगितलं तू?”

“साहेबाले भेतो, म्हनून आंबे आनले.”

निकेश बसला. कोणी हसलं नाही, हेच त्याला जास्त लागलं. लोक हसतील ह्याची तयारी करून तो आला होता. दंड एक कोंबडा ठरला. बकरीच्या वाटणीचा दुसरा कोंबडा झाडूनं स्वतःहून कबूल केला. मग झाडू निकेशकडं वळला आणि मोडक्या मराठीत, अगदी सावकाश बोलला. “आमी दिवस बदलला, तं देवाले आमी सांगतो. तुमचा दिवस बदलला, तं साहेबाले कोन सांगन?”

त्याच दुपारी निकेश पाण्याच्या टाकीवर चढला, कारण वेलमपाडीत नेटवर्क तिथंच मिळतं. साहेबांनी फोन उचलला. “बोला मोहुर्ले, सगळं ओके ना?” निकेशनं खाली पाहिलं. शेडच्या दारात सुकरी उभी होती, चेहऱ्यावर ऊन घेत, वर बघत. तो म्हणाला, “ओके सर.” आणि शिडीवरून उतरताना त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्याला ज्याची भीती वाटते तो माणूस नागपूरला आहे, आणि जिच्यापुढं लाज वाटते ती बाई इथं, खाली उभी आहे.

दहा तारखेला सकाळी पांढरी गाडी आली. खेडीकर साहेब उतरले आणि मागून रीना मॅडम. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, पायात साध्या चपला, हातात डायरी. एकतीस बाया शेडमध्ये ओळीनं बसल्या होत्या. समोर धुतलेल्या विळ्या आणि रिकाम्या टोपल्या. आज काम गेलं तर गेलं, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी आंबा आणायला कोणी उठणार नव्हतं, आणि मॅनेजरला उघडं पाडायलाही कोणी उठणार नव्हतं.

“चला, सुरू करा,” साहेब म्हणाले. “मॅडमना कटिंग दाखवा.”

कोणी हललं नाही. साहेबांनी निकेशकडं बघितलं. निकेशनं डोळ्यात बघितलं नाही. साहेबांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटनाकडं बघितलं. त्याला तेवढंच जमलं आणि तेवढं पुरलं.

“सर, माल नाही. गावाचा पंडुम एकोणीसला आहे, तोवर इथं आंबा चिरत नाहीत. मला हे आधीच सांगितलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो. ह्यात बायांची काही चूक नाही.”

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. हा पांढरा रंग निकेशच्या ओळखीचा होता. साहेबांनीही वर कोणाला तरी ‘हो सर’ म्हटलेलं होतं. मॅडमनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, “मग एकोणीसला माल मिळेल का?”

“हो मॅडम, नक्की,” साहेब म्हणाले. प्रश्न संपायच्या आत म्हणाले.

“नाही,” निकेश म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की दोन आठवड्यांपूर्वीचा निकेश तिथंच विरघळला असता. हाही विरघळत होताच. पण आता वाक्य सुरू झालं होतं.

“एकोणीसला पूजा आहे मॅडम, त्या दिवशी काम नाही. वीसला चिरायला घेऊ. वाळायला चार दिवस, दळायला एक. पंचवीस.”

“पंचवीस नक्की?”

“नक्की नाही. पाऊस आला तर सव्वीस.”

मॅडमनी डायरी उघडली आणि लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाल्या की पावसासकट सांगितलेली तारीख त्यांना ह्या धंद्यात फार वर्षांनी मिळाली. साहेब हसले. ते हसणं मॅडमसाठी होतं. गाडीत बसताना त्यांनी निकेशला जे म्हटलं ते वेगळं होतं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोन दिवसांनी मेमो आला: वरिष्ठांसमक्ष परस्पर विधान केल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करू नये. बापूजींनी खुलासा सांगायला सुरुवात केली, उपरोक्त विषयान्वये. निकेशनं त्यांना थांबवलं आणि एका ओळीत लिहिलं, ‘माझे विधान खरे होते.’ बापूजींना ती ओळ अश्लील वाटली. खाली प्रतसुद्धा नव्हती.

मिरचीवाली दोन घरं आली, पंडुम झाला, निकेशला वाटीभर कैरीचा मान मिळाला. वीसला विळ्या चालू झाल्या. बावीसला पाऊस आला. माल सव्वीसला निघाला आणि मॅडमचं तीन वर्षांचं पत्र महिनाअखेर आलं. निकेशची पगारवाढ मात्र त्या वर्षापुरती थांबवली गेली, कारण वरच्यांची इज्जत कुठून तरी भरून काढावी लागते.

पत्र आलं त्यानंतरच्या सोमवारी मीटिंग होती. निकेश जरा ताठ चालत शेडमध्ये आला. आता आपली टीम आपल्याला मानते, हे त्याला चालण्यातूनच दाखवायचं होतं. नेहमीप्रमाणं त्यानं शेवटी विचारलं की कोणाला काही बोलायचं आहे का, आणि नेहमीप्रमाणं वही मिटायला घेतली.

करिश्मानं हात वर केला. तीच, पदरामागं घाबरणारी. ती म्हणाली की भाऊ, तुमी लई बोलता, आणि बोलता तेव्हा टक लावून पाहता, ते बंद करा. मग एकीनं सांगितलं की सोलर ड्रायर त्यानं उलट्या दिशेला बसवलाय, हिवाळ्यापासून. हे हिवाळ्यापासून सगळ्यांना माहीत होतं. दुसरीनं सांगितलं की मीटिंग सकाळी घेतल्यानं मोहफूल वेचायची वेळ जाते, आणि मीटिंगमध्ये काही नसतं. तिसरीनं त्याच्या नियोजनाचा तक्ता उलगडला आणि त्यात कुठं काय चुकलंय ते बोट ठेवून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण रकाने मोजता येत होते. सगळ्या शांतपणे, एकेक करून, मध्ये कोणी न तोडता बोलत होत्या. मोहाखाली बसतात तशा.

सातवी बाई बोलल्यावर निकेशच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. साहेबाला नाही म्हणणं एका मिनिटाचं काम होतं, हे तर दुपार झाली तरी संपत नव्हतं. त्याला आतून फार वाटलं की जाऊन मोटर तपासावी. सुकरी त्याच्याकडंच बघत होती.

“राग आला काय, भाऊ?”

निकेशनं थोडा विचार केला. “आला,” तो म्हणाला.

“येऊ द्या,” सुकरी म्हणाली. “बसा. चोवीस जनी बाकी हायत.”

तो बसला.